हायपर म्हणजे वर : पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

शाळेची मराठी, विज्ञान आणि भूगोलाची पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि वर्गात शिकवणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त घ्यायचं, नमुने मशिनला लावायचे, रिपोर्ट काढायचे, हे काम बावीस वर्षं करते आहे. पाठ्यपुस्तकांशी माझा संबंध आधी विद्यार्थिनी म्हणून आला आणि मग दोन मुलांची आई म्हणून. तरी हे पत्र लिहायला बसले ते काउंटरवर घडलेल्या एका प्रसंगामुळे.

मागच्या जुलैत, भर पावसात, साठीच्या एक मावशी रिपोर्ट न्यायला आल्या. सोबत नववीतली नात. रिपोर्ट थायरॉइडचा होता. टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडला चालना देणाऱ्या संप्रेरकाचा, आकडा 14 च्या वर आणि शेजारी 'हाय' अशी खूण. नातीनं पाकीट तिथंच फोडलं, आकडा वाचला आणि आजीला म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं? हाय आलंय. म्हणजे हायपर." मावशींनी मान डोलावली. बोलता बोलता कळलं, की आधीच्या रिपोर्टच्या वेळीही नातीनं हेच सांगितलं होतं. त्यांच्या मजल्यावरच्या एका बाईंना हायपरथायरॉइड आहे. दोघींचं दुखणं एकच, असं धरून मावशींनी स्वतःची गोळी बंद केली होती आणि पंधरा दिवस शेजारणीची गोळी घेत होत्या.

मावशींना होता हायपोथायरॉइड. म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं काम कमी पडत होतं. ग्रंथी मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका तिला कामाला लावण्यासाठी जास्त टीएसएच सोडते. म्हणून आकडा वर जातो आणि आजार मात्र 'हायपो' असतो. शेजारणीची गोळी ग्रंथीचं काम कमी करणारी. म्हणजे आधीच थकलेल्या ग्रंथीला आणखी खाली दाबणारी. मी मावशींना त्याच पावसात त्यांच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं. वेळेत गेल्या, सावरल्या.

जायच्या आधी मात्र नातीला दोन मिनिटं स्टुलावर बसवलं. विचारलं, "उपप्राचार्य म्हणजे कोण?"

"प्राचार्यांच्या खालचे."

"मग हायपो हा ग्रीक शब्द या 'उप'चा सख्खा भाऊ आहे. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ खाली, आणि वैद्यकात त्यावरून कमी. आणि हायपर हा संस्कृतातल्या 'उपरि'चा भाऊ. उपरिचं प्राकृतात उवरि झालं आणि उवरि झिजून आपलं 'वर' झालं."

"म्हणजे हायपर म्हणजे वर?"

"वर. लॅटिनमधला सुपर आणि इंग्रजीतला ओव्हर हेही त्याच घरातले."

तिनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहिलं : हायपर – वर, हायपो – उप. आता ती हे विसरणार नाही, याची मला खात्री आहे, कारण तिला नवं काही पाठ करावंच लागलं नाही. 'वर' आणि 'उप' तिच्याजवळ आधीपासून होते.

त्या मुलीला उपसर्ग शिकवले नव्हते असं नाही. प्र, परा, अप, सम्, अनु, अव... तिनं मला बावीसच्या बावीस घडाघडा म्हणून दाखवले. मीही लालबागच्या शाळेत असेच पाठ केले होते. व्याकरणाच्या वहीत तीन याद्या असायच्या : संस्कृत उपसर्ग, मराठी उपसर्ग, फारसी-अरबी उपसर्ग. प्रत्येकापुढे अर्थ, दोन उदाहरणं, आणि परीक्षेत 'उपसर्ग ओळखा' एका मार्काला. माझ्या मुलांच्या वह्यांतही त्याच तीन याद्या त्याच क्रमानं आल्या. याद्या चुकीच्या नाहीत. पण त्या मराठीच्या तासाला उघडतात आणि मराठीच्या तासालाच मिटतात. पुढच्या तासाला विज्ञानाचं पुस्तक उघडलं की त्यातला प्रत्येक शब्द याच तुकड्यांचा बनलेला असतो, आणि ते मुलाला कुणी दाखवत नाही.

भूगोलातलं एकच उदाहरण घ्या. अपसूर्य आणि उपसूर्य. ती मुलगी म्हणाली, "ते माझं नेहमी उलटं होतं." माझ्या धाकट्याचंही व्हायचं. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्यापासून सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर असते, ती उपसूर्य स्थिती. आणि जुलैच्या सुरुवातीला सुमारे 15.2 कोटी किलोमीटरवर असते, ती अपसूर्य. मुलं हे आकडे पाठ करतात आणि नावांची अदलाबदल करतात. वास्तविक 'उप' म्हणजे खालचा तसा जवळचाही, हे उपनगर म्हणताना त्यांना ठाऊक असतं. 'अप' म्हणजे दूर, बाजूला, हे अपहरण या शब्दात रोजच्या बातम्यांत दिसतं : अप-हरण, दूर नेणं. एवढं लक्षात आणून दिलं, तर अपसूर्य म्हणजे दूरचा सूर्य हे सांगावंही लागत नाही.

पुढचं तर मला स्वतःला फार उशिरा कळलं. अपसूर्यला इंग्रजीत अफेलिअन म्हणतात. तो शब्द ग्रीक 'अपो' आणि 'हेलिओस' जोडून घडवलेला. अपो म्हणजे आपला अप. हेलिओस म्हणजे सूर्य, आणि नुसत्या अर्थानं नव्हे, तर हेलिओस आणि सूर्य हे दोन शब्द एकाच मुळापासून आलेले आहेत. म्हणजे अपसूर्य आणि अफेलिअन हे तुकड्याला तुकडा लावून जुळणारे शब्द आहेत! हे कळलं त्या दिवशी मी नायगावच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात व्युत्पत्तीची पुस्तकं पुढ्यात घेऊन बसले होते. घरी जायचं विसरून मी किती तरी वेळ तशीच बसून राहिले. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मी डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या पदविकेला, इंग्रजी शब्दांना घाबरून रात्र रात्र रडले होते. ते शब्द परके नव्हतेच. आमची ओळख कुणी करून दिली नव्हती, इतकंच.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. लॅबमध्ये रोज जे शब्द हाताखालून जातात ते तिच्यात लिहिते. त्यातले काही तुमच्यासमोर ठेवते.

तांबड्या रक्तपेशीला एरिथ्रोसाइट म्हणतात. ग्रीक एरिथ्रोस म्हणजे लाल, आणि त्याचा संस्कृतातला भाऊ रुधिर. ऑस्टिओ म्हणजे हाड : अस्थि. हिपॅटायटिसमधला हेपार म्हणजे यकृत. आता हेपार आणि यकृत हे कानाला अजिबात सारखे लागत नाहीत, तरी मूळ एकच. लॅटिनमधला येकुर शेजारी ठेवला की यकृतकडे जाणारी वाट दिसू लागते. डिसेंट्री : डिस् म्हणजे आपला दुस्, वाईट, एंटेरा म्हणजे आंत्र, आतडी. डिस्पेप्सिया : पुन्हा दुस्, आणि पुढे पच् धातूचा भाऊ. दुष्पचन म्हटलं तरी चालेल. अनिमिया : अन् आणि हायमा, रक्त नाही. इथं तर मजा अशी, की संस्कृतात व्यंजनाआधी अ आणि स्वराआधी अन् लागतो, अज्ञान पण अनादर, आणि ग्रीकमध्येही हाच नियम आहे. थायरॉइड हे नाव ढालीवरून पडलं, ती ढाल दारासारखी उभट, आणि दाराला ग्रीकमध्ये थिरा. थिरा आणि द्वार एकाच घरचे. म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीचं नाव आणि गिरगावातल्या ठाकुरद्वाराचं नाव लांबून का होईना, नात्यात आहेत.

आणि एक शब्द तर मला काउंटरवर सांगायला सर्वांत आवडतो. औषध लागू पडून ग्रंथी ताळ्यावर आली की डॉक्टर कागदावर लिहितात 'युथायरॉइड'. रुग्ण घाबरतात, हा आणखी कुठला नवा आजार. मी म्हणते, यु म्हणजे आपला सु. सुस्थितीत आहे तुमचा थायरॉइड.

आता मराठीच्या तासाकडे वळते, कारण मला वाटतं या कामाची सुरुवात तिथूनच सोपी आहे. 'उपसर्ग' हाच शब्द आधी उघडा ना मुलांसमोर. उप आणि सर्ग. सर्ग हा सृज् धातूपासून आलेला. सोडणं, निर्माण करणं. आता याच धातूचे शब्द एका मुंबईकर मुलाच्या वर्षभरात किती येतात ते पाहा. कोविडच्या काळात त्यानं हजार वेळा ऐकलेला संसर्ग. विज्ञानाच्या पुस्तकातली उत्सर्जन संस्था. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवरचं विसर्जन. विसर्ग, म्हणजे 'दुःख'मधले ते दोन ठिपके. निसर्ग. हे सगळे शब्द पाच वेगवेगळ्या तासांना आणि रस्त्यावर विखुरलेले आहेत. कुणीतरी एकदा ते फळ्यावर एकाखाली एक लिहून धातू अधोरेखित केला, तर मुलाला भाषा कशी चालते ते दिसेल. हार हा एक तुकडा घ्या : आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, अपहार. सोबत हॉटेलच्या पाट्याही दाखवा. काही ठिकाणी 'उपहारगृह' लिहिलेलं असतं. उपहार म्हणजे भेट. फराळाची जागा ती उपाहारगृह, उप आणि आहार. ही चूक शुद्धलेखनाचा नियम सांगून सुधारत नाही. शब्द उघडून दाखवला की सुधारते.

शब्द उघडायला शिकवताना चुकीचं उघडणंही दाखवावं लागेल. अनुचित म्हणजे अन् आणि उचित. पण अनुक्रम म्हणजे अनु आणि क्रम. माझ्या थोरलीनं एकदा अनुभव हा शब्द अन् आणि उभव असा फोडला होता आणि उभव म्हणजे काय असं मला विचारलं होतं. उपसर्गाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी तोच राहत नाही हेही मुलांना खरं खरं सांगा. निर् म्हणजे नसणं, निर्धन, निर्दोष. पण निरीक्षण म्हणजे न बघणं नव्हे, नीट न्याहाळणं.

सेमी-इंग्रजीच्या मुलांसाठी तर हे मला तातडीचं वाटतं. विज्ञान आणि गणित इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. त्यांच्या डोक्यात परिमिती एका खणात आणि पेरिमीटर दुसऱ्या खणात. पेरि म्हणजे परि, भोवती. मीटर आणि मिती दोन्ही मोजण्याच्या एकाच धातूचे. दोन खणांत एकच वस्तू आहे. सेमी हा शब्दसुद्धा बघा : लॅटिन सेमी, ग्रीक हेमी, संस्कृत सामि, तिन्हींचा अर्थ अर्धा. आम्ही अर्धांगवायूच्या रुग्णाच्या कागदावर हेमिप्लेजिया वाचतो तो हाच हेमी. पण हिमोग्लोबिनमधला हिमो वेगळा, तो रक्ताचा. ऐकायला सारखे, म्हणून शेजारी शेजारी ठेवून फरक सांगावा.

कानाला सारखं लागलं म्हणून नातं जोडायचं नाही, हे मी मुद्दाम ठासून लिहिते आहे. फारसी 'बद' म्हणजे वाईट, बदनाम, बदसूर. इंग्रजी 'बॅड' म्हणजेही वाईट. यांच्यात काहीही नातं नाही, निव्वळ योगायोग आहे. मोबाइलवर रोज संदेश फिरतात, की जगातल्या सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्या. ते खरं नाही. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या बहिणी आहेत. आता अस्तित्वात नसलेल्या एका जुन्या भाषेच्या लेकी. विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीश आणि भाषा-अभ्यासकांनी 1786 साली कोलकात्यात हे जाहीरपणे मांडलं. आणि आपल्या मुंबई विद्यापीठात 1877 साली संस्कृतचे विद्वान रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी विल्सन व्याख्यानमालेत संस्कृतातून पाली, प्राकृत आणि तिथून आजच्या मराठीपर्यंत शब्द कसे बदलत आले, ते पायरी पायरीनं उलगडून दाखवलं. याच शहरात घडलेलं काम आहे हे. शहरातल्या मुलांना ते ठाऊक असू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बहिणींचं नातं नियमानं ओळखायचं असतं. संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला स असला, की ग्रीकमध्ये तिथं पुष्कळदा ह येतो, आणि फारसीतही तसंच होतं. सप्त, ग्रीक हेप्टा, फारसी हफ्त. सम, ग्रीक होमो, फारसी हम. म्हणून सप्ताह आणि हप्ता हे शब्द सातावरूनच आले. कर्जाचा हप्ता महिन्यानं भरत असलो तरी मूळ हिशेब आठवड्याचा. सातवीतल्या मुलाला हा नियम देऊन बघा. तो स्वतःच शब्द शोधत सुटेल.

फारसीचा विषय निघाला म्हणून लोकलबद्दल लिहिते. उद्घोषणा होते, 'प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' गैर अरबी, सोय मराठी. 'बेवारस वस्तूंना हात लावू नये.' बे फारसी, वारस अरबी. गैरसमजातला समज आपला, गैरहजरमधला हजर अरबी. सरपंच या शब्दात फारसी सर आणि संस्कृत पंच सुखानं नांदतात. आणि तो सर म्हणजे डोकं, आपल्या शिराचा भाऊ, मोठ्या मेंदूला डॉक्टर सेरेब्रम म्हणतात त्याचाही भाऊ. हे उपसर्ग 'परभाषी' म्हणून तिसऱ्या यादीत वेगळे काढून का ठेवायचे? मराठी माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत ते वापरतो. तीन याद्या मोडून एकच करा, आणि कोण कुठून आला ते शेजारी लिहा.

काही शिक्षक म्हणतील, अभ्यासक्रम आधीच भरगच्च आहे. मी आई म्हणून तो भार पाहिला आहे, म्हणून नवा धडा मागतच नाही. विज्ञानाच्या प्रत्येक धड्यात जिथं नवी संज्ञा पहिल्यांदा येते, तिथं समासात दोन ओळी हव्यात : शब्द कुठे फुटतो, तुकड्यांचा अर्थ काय, ओळखीचा भाऊ कोण. परावर्तन, अपवर्तन, विवर्तन या तिघांत वर्तन एकच आहे, बदलतो तो उपसर्ग. परिवलन आणि परिभ्रमण यांत परि एकच आहे, बदलतं ते पुढचं, वळणं की फिरून येणं. इतकंच लिहा. मराठीच्या पुस्तकातल्या उपसर्गांच्या पाठाला उदाहरणं त्याच इयत्तेच्या विज्ञान-भूगोलातली घ्या. त्यासाठी मराठीची समिती आणि विज्ञानाची समिती एका टेबलाशी बसावी लागेल, आणि माझ्या अंदाजानं खरी अडचण तिथं आहे. शाळेतही तेच. मराठीच्या बाई आणि विज्ञानाचे सर एकाच स्टाफरूममध्ये डबा खातात. महिन्यातून एकदा त्यांनी मिळून एक तास घ्यावा. परीक्षेत 'उपसर्ग ओळखा' याऐवजी एक न शिकवलेला शब्द द्या आणि मुलाला त्याचा अर्थ तुकड्यांवरून लावू द्या. चुकला तरी कसा लावला याला मार्क द्या.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या लॅबमध्ये पेढे वाटले गेले. मीही आनंदानं खाल्ला. पेढे वाटले त्याच दिवशी दुपारी एका रुग्णाला हायपोग्लायसेमिया म्हणजे साखर वाढली असं वाटत होतं आणि तो जेवण टाळून आला होता. घामानं डबडबलेला, हात थरथरत होते. साखर 52, म्हणजे वाढलेली नव्हे, फार खाली गेलेली. मी ताबडतोब आतून डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांनी त्याला पेलाभर साखरपाणी पाजायला सांगितलं. तो बारावी शिकलेला होता, मराठी त्याला माझ्याइतकीच येत होती. 'उप' हा शब्दही त्याला येत होता.

माझ्या वहीत आजवर 340 शब्द झाले आहेत. शब्द, त्याचे तुकडे, मराठी-संस्कृत-फारसीतला भाऊ, आणि जिथं नातं फक्त कानाला वाटतं पण खरं नाही, तिथं लाल पेनानं फुली. मी भाषेची अभ्यासक नाही. जाणकारांनी ती तपासावी, चुका काढाव्यात आणि हवं ते घ्यावं. तुमच्यापैकी कुणी बोलावलं तर मी वही घेऊन कुठेही येईन. ड्यूटी तीनला सुटते.

आपली,
परळची एक लॅब टेक्निशियन